सहज जमतं, म्हणून दिसत नाही: आपली खरी गती ओळखून ती कामात कशी लावावी

मुलाखतीत "तुमची बलस्थानं सांगा" असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडून तीच तीन-चार विशेषणं येतात. मेहनती, प्रामाणिक, वेळ पाळणारा, सगळ्यांशी जुळवून घेणारा. खोटं कुणी बोलत नसतं. पण पुढचा उमेदवारही हेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला तुम्हाला नेमकं कोणत्या कामाला लावावं ते कळत नाही. नोकरी लागल्यावर खरी पंचाईत समोर येते, कारण ते आपल्यालाही कळलेलं नसतं.

मला ते कळायला नोकरीतली चार वर्षं लागली. शाळेपासून गणितात मार्क चांगले, म्हणून आकडेमोड हीच आपली जमेची बाजू असं मी धरून चालले होते. कामही तसंच मिळालं, महिन्याचे अहवाल तयार करायचं. अहवाल बरे व्हायचे. पण दिवसातून एकदा तरी कुणी ना कुणी ग्राहकाचं लांबलचक पत्र घेऊन माझ्या टेबलाशी यायचं. "एकदा वाच ना, ह्यांना नक्की काय हवंय?" मी वाचून दोन वाक्यांत सांगायचे आणि माणूस निघून जायचा. यात काही विशेष आहे असं कधी मनातही आलं नाही. वाचलं की कळतंच की, असं वाटायचं.

हे "कळतंच की" फार फसवं आहे. ज्याला जे सहज जमतं, त्याला ते सगळ्यांनाच जमत असणार असं वाटतं. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी केलेला अभ्यास पुष्कळांना ऐकून माहीत असतो, पण त्यातला अर्धाच भाग सांगितला जातो: कच्च्या लोकांना आपण फार हुशार आहोत असं वाटतं. दुसरा अर्धा भाग आपल्या कामाचा आहे. चाचणीत सगळ्यात वर आलेल्या लोकांनी इतरांच्या तुलनेत स्वतःला प्रत्यक्षापेक्षा खाली धरलं होतं. त्यांना स्वतःच्या उत्तरांबद्दल शंका नव्हती, इतरांनाही हे सोपंच गेलं असणार असं वाटत होतं. पुढे इतरांच्या उत्तरपत्रिका त्यांना दाखवल्या, तेव्हा त्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज वर नेला.

म्हणून डोळे मिटून आत शोधत बसण्यापेक्षा बाहेर उमटलेल्या खुणा गोळा करणं जास्त कामाचं ठरतं. खालची रीत त्याच विचाराने मांडली आहे. पूर्ण व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात.

सुरुवातीला एक फरक

ज्ञान म्हणजे माहीत असलेली गोष्ट, कौशल्य म्हणजे सरावाने हात बसलेली गोष्ट, आणि गती म्हणजे त्या मागचा आपला पिंड, ज्याच्यामुळे काही गोष्टी आपण लवकर उचलतो आणि काही कितीही घोटल्या तरी जड जातात. स्प्रेडशीट चालवता येणं हे कौशल्य आहे. आकड्यांच्या रांगेत एखादा आकडा "विचित्र" वाटून नजर तिथेच अडणं ही गती. बायोडेटामध्ये आपण कौशल्यच लिहितो. शोधायची आहे ती गती. आणि गतीला सराव लागत नाही असं मुळीच समजू नका. न घासलेली गती तशीच पडून राहते.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

एक साधी वही घ्या. रोज काम संपल्यावर पाच मिनिटं द्या, त्याहून जास्त नको, नाहीतर चौथ्या दिवशी वही बंद पडते. दिवसभरातली तीन कामं लिहा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी नोंदवा: वेळ कसा गेला, आणि काम संपल्यावर अंगात जोर उरला होता की गळून गेल्यासारखं झालं होतं.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकापासून एका अवस्थेचा अभ्यास केला. माणूस कामात इतका बुडतो की वेळेचं भान राहत नाही, आणि हे बहुतेकदा तेव्हा घडतं जेव्हा काम ना फार सोपं असतं ना आवाक्याबाहेरचं. तुमच्या वहीत "कधी सहा वाजले कळलंच नाही" अशी ओळ आली तर तिच्याखाली रेघ मारा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण आवड आणि गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादं काम मनापासून आवडतं पण त्यातून निघणारी वस्तू बेताचीच असते. उलटही होतं: एखादं काम आपण उत्तम करतो, सगळे वाहवा करतात, आणि ते करून झाल्यावर आपण पिळून निघतो. त्या कामात तुमची शिकलेली हातोटी आहे, पिंड नाही. अशा कामावर सगळं करिअर उभं केलं तर काही वर्षांत दमछाक होते. माझे अहवाल याच खान्यातले होते.

वहीत आणखी एक खूण शोधा. माझ्या मते ही सगळ्यांत बोलकी आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ती म्हणजे चिडचिड. "एवढं साधं यांना कळत कसं नाही?" असं तुम्हाला कोणत्या बाबतीत वारंवार वाटतं ते लिहा. कुणाला बैठक विषय सोडून भरकटली की अस्वस्थ व्हायला होतं. कुणाला फायलींची नावं वाटेल तशी दिलेली बघवत नाहीत. कुणी नवीन आलेल्या माणसाला काहीच न सांगता बसवून ठेवलं की आतून तळमळतो. ज्या बाबतीत तुमची नजर तीक्ष्ण आहे, तिथेच दुसऱ्याची चूक तुम्हाला टोचते. इतरांना ती दिसतच नसते, म्हणून ते शांत असतात. हा राग बोलून दाखवायचा नाही, फक्त टिपून ठेवायचा.

आणि हेही टिपा: कुणी न सांगता तुम्ही काय करून बसता? सामायिक फोल्डर आवरणं, रडकुंडीला आलेल्या सहकाऱ्याला चहाला नेणं, नवीन सॉफ्टवेअर आलं की सगळे पर्याय उघडून बघणं.

दुसरी पायरी: माणसांना विचारणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. लाज वाटते. आपल्याच तोंडाने आपली टिमकी वाजवू नये असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे "माझ्यात काय चांगलं आहे?" हा प्रश्न घशातच अडकतो. पण ही पायरी गाळली तर बाकीचं जवळजवळ वाया जातं, म्हणून इथे थोडं थांबू.

१९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन मानसशास्त्रज्ञांनी चार तावदानांच्या खिडकीची कल्पना मांडली. दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून तिला 'जोहारी खिडकी' म्हणतात. एका तावदानात स्वतःला आणि इतरांनाही माहीत असलेलं, दुसऱ्यात फक्त स्वतःला माहीत असलेलं, तिसऱ्यात इतरांना दिसतं पण स्वतःला दिसत नाही ते, आणि चौथ्यात कुणालाच ठाऊक नसलेलं. तुमची गती बहुतेकदा तिसऱ्या तावदानात असते. ते तावदान विचारल्याशिवाय उघडत नाही. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही असंच काहीसं दिसलं: मनातली धाकधूक, चिंता याबद्दल माणूस स्वतः जास्त अचूक सांगतो, पण बुद्धी आणि कल्पकता यांबद्दल मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघतो.

कसं विचारायचं याला महत्त्व आहे. "माझे गुण कोणते?" असं विचारलंत तर समोरचा विशेषणंच देईल. तो काही तुमचा अभ्यास करून बसलेला नाही. त्याच्याकडे गुण मागू नका, प्रसंग मागा. मिशिगन विद्यापीठातल्या काही अभ्यासकांनी रूढ केलेल्या एका पद्धतीत हेच करतात, ओळखीच्या लोकांकडून "मी उत्तम काम केलं असा एक प्रसंग" लिहून घेतात. मी पाठवला होता तो निरोप जवळपास असा होता:

"जरा मदत हवी होती. मी पुढे कोणत्या प्रकारचं काम घ्यावं याचा विचार करतेय. माझ्यामुळे एखादं काम सोपं झालं किंवा सुटलं असा एखादा प्रसंग आठवतो का? मी नेमकं काय केलं होतं ते दोन-चार ओळींत सांगशील का? घाई नाही, या आठवड्यात कधीही."

आठ-दहा जणांना पाठवा. सगळे एकाच टेबलाभोवतीचे नकोत. बरोबरीचा सहकारी, एखादे वरिष्ठ, तुमचं काम पुढे ज्याच्या हातात जातं तो माणूस (हा फार महत्त्वाचा, त्याला तुमच्या कामाचा परिणाम थेट भोगावा लागतो), कॉलेजातला मित्र, घरातलं एखादं स्पष्ट बोलणारं भावंड. आईला विचारायला हरकत नाही, पण तिचं उत्तर वेगळं ठेवा. ज्यांचं पोट तुमच्या हातात आहे, म्हणजे तुमच्या हाताखालचे लोक, त्यांना शक्यतो विचारू नका. ते मोकळेपणाने सांगू शकत नाहीत.

उत्तरं आली की ती एका कागदावर उतरवा आणि क्रियापदांखाली रेघ मारा. "तू मला समजावलंस", "तू थांबवलंस", "तू आधीच ओळखलंस", "तू जोडून दिलंस". एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन लोकांच्या उत्तरांत एकच क्रियापद आलं तर ते योगायोगाने आलेलं नाही. माझ्याकडे नऊ उत्तरं आली. अहवालांचा उल्लेख एकानेही केला नव्हता. चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं की समोरच्याला काय म्हणायचंय ते मी त्याच्याआधी सांगते. ते वाचून मला आनंद झाला नाही, खरं तर थोडं हिरमुसायला झालं. एवढंच? हे तर काहीच नाही! तुम्हालाही असंच वाटलं तर समजा, कागदावर खरं काहीतरी सापडलंय.

तिसरी पायरी: इतरांच्या हातात तेच काम बघणं

ही छोटी आहे. ज्या कामाबद्दल संशय आला आहे, तेच काम दोन-तीन जण कसं करतात ते जवळून बघा. त्यांना किती वेळ लागतो, कुठे अडतं, कोणता भाग ते टाळतात. मी एका सहकाऱ्याला असंच एक पत्र वाचताना पाहिलं. तो माझ्याहून हुशार होता, पण तिसऱ्या परिच्छेदात तो पहिला विसरला होता. तेव्हा कुठे मला पटलं.

चौथी पायरी: एक वाक्य लिहा

आता जमवलेल्या खुणांमधून एक वाक्य घडवायचं. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोणती परिस्थिती, तुम्ही काय करता, आणि त्यातून काय होतं. विशेषण एकही नको.

"माझं संवादकौशल्य चांगलं आहे" हे वाक्य कुणालाही चिकटवता येतं. त्याऐवजी: "दोन बाजू हट्टाला पेटल्या की नेमकं कोणत्या मुद्द्यावर अडलंय ते मी शोधून काढतो, आणि मग निम्मं भांडण आपोआप गळून पडतं." किंवा "एखादी पद्धत दहा जणांनी दहा तऱ्हांनी चालवली असेल तर मी तिची एक पानी यादी करते, आणि नवीन माणूस पहिल्याच दिवशी ती वापरू शकतो." किंवा "सगळं सुरळीत चाललेलं असताना पुढे कुठे अडकणार ते मला आधी दिसतं."

माझं वाक्य होतं: "लांबलेलं, रागावलेलं किंवा गोंधळलेलं पत्र आलं की लिहिणाऱ्याला खरोखर काय हवंय ते मी दोन वाक्यांत मांडते, आणि उत्तर देणाऱ्याचा वेळ वाचतो."

वाक्य लिहून झालं की वरच्या नऊ-दहा प्रसंगांपैकी किती त्यात बसतात ते मोजा. निम्मे बसले तर पुरे. एकच बसत असेल तर ते वाक्य तुमच्या इच्छेतून आलंय, खुणांमधून नाही.

इथे ऑनलाइन चाचण्यांबद्दल बोलायला हवं, कारण नवखे लोक सुरुवातच तिथून करतात. गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेची बलस्थानांची चाचणी लोकांना ३४ प्रकारांच्या चौकटीत बघते, तर ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात स्वभावातल्या २४ गुणांची यादी आहे. स्वतःसाठी शब्द सापडत नसतील तर या याद्यांचा उपयोग होतो. पण निकाल वाचून "अगदी मीच!" असं वाटणं हा पुरावा धरू नका. १९४८ साली बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं आणि ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. चाचणी द्या, पण तिचा निकाल वहीच्या आणि माणसांच्या उत्तरांच्या शेजारी ठेवून वाचा.

पाचवी पायरी: छोटी परीक्षा

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर एक सवय सांगत: महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. ते स्वतः अनेक वर्षं हे करत आले होते. नवख्या माणसाला एवढं थांबवत नाही, म्हणून महिन्याभराचं रूप घ्या. तुमच्या वाक्यात बसणारं एखादं लहान काम उचला. सुरू करण्याआधी लिहा: किती वेळ लागेल, कुणाला काय फायदा होईल, मला कसं वाटेल. महिन्याने उघडून वाचा. अंदाज चुकला तर वाक्य दुरुस्त करा.

काम लहानच असू द्या. कुणाची परवानगी लागू नये आणि बिघडलं तर कुणाचं नुकसान होऊ नये, इतपत.

सहावी पायरी: हातातल्या नोकरीतच जागा करणं

गती सापडली की लगेच नोकरी बदलायची ऊर्मी येते. थांबा. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये मांडलेलं काम यासाठी समजून घेण्यासारखं आहे. त्यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांचा अभ्यास केला. कामाची यादी सगळ्यांना एकच होती. पण काही जण नेमून दिलेली सफाई तेवढी करत, तर काही जण रुग्णांशी आणि भेटायला आलेल्यांशी बोलत, परिचारिकांच्या कामाचा मेळ बघून आपली वेळ साधत, आणि आपण रुग्ण बरा होण्याच्या कामात आहोत असं मानत. नेमणूकपत्र न बदलता काम तीन बाजूंनी बदलता येतं: काय करतो, कुणाबरोबर करतो, आणि त्याकडे कसं बघतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. आठवड्यातल्या कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा की तुमचं वाक्य त्यात वापरलं जातं का. पुष्कळदा आठवड्याला दोनच तास निघतात. ते चार करायचं बघा. दोनाचे वीस करायला जाल तर तोंडघशी पडाल.

मग वरिष्ठांशी बोला, पण दोन अटींवर. दिलेलं काम वेळेत आणि नीट होत असलं पाहिजे, आणि महिन्याभराच्या परीक्षेतला एखादा दाखवण्याजोगा परिणाम हातात असला पाहिजे. "मला हे काम आवडत नाही" असं म्हणू नका. त्यांच्या अडचणीपासून सुरुवात करा. मी म्हणाले होते: "सर, तक्रारींची पत्रं दोन-दोनदा फिरतात असं दिसतंय. गेल्या महिन्यात मी दहा पत्रांवर आधी सार लिहून दिलं, ती एकाच फेरीत निकालात निघाली. महिनाभर रोज अर्धा तास हे करून बघू का? अहवालांना उशीर होणार नाही." सर म्हणाले, बघ करून. तिथून सुरुवात झाली. मला कुणी नवं पद दिलं नाही. पण सहा महिन्यांत माझा अर्धा दिवस त्याच कामात जायला लागला.

नकारही येऊ शकतो. तसं झालं तर कारण विचारा. वेळ चुकलेली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा विचारता येतं. त्या खात्यात अशा कामाला जागाच नसेल, तर ते कळणंही फायद्याचं, मग आत दुसरं खातं किंवा बाहेर दुसरी नोकरी शोधताना काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असतं.

सातवी पायरी: गुण अंगाशी येतो तेव्हा

गती अति वापरली की तीच खोड होते. आधीच धोका ओळखणारा माणूस प्रत्येक नव्या कल्पनेवर पाणी ओततो. मदतीला धावणारा दुसऱ्याला शिकूच देत नाही. मी एकदा एका ग्राहकाचं पत्र वाचून त्यांना पैसे परत हवेत असं ठामपणे सांगितलं, कुणी त्यांना फोन करून विचारलंही नाही, कारण माझा अंदाज नेहमी बरोबर असायचा. त्यांना वस्तू बदलून हवी होती. प्रकरण बरंच चिघळलं. त्यानंतर मी साराखाली एक ओळ घालायला लागले: "हे विचारून खात्री करा." तुमच्या वाक्याखालीही अशी एक ओळ हवी, तुमची गती कुठे दगा देते ते सांगणारी. ती कुणाला सापडत नसेल तर जवळच्या सहकाऱ्याला विचारा, त्याला नक्की माहीत असते.

उणिवांचं काय? ज्या तुमचं काम अडवतात, उदाहरणार्थ मुदत न पाळणं किंवा ईमेलला उत्तरच न देणं, त्या चालण्याजोग्या होईपर्यंत सुधाराव्याच लागतात, त्याला सुटका नाही. बाकीच्यांसाठी जोडीदार शोधा. तुम्हाला जे जड जातं ते कुणाला तरी हातचा मळ असतं, आणि त्यालाही तुमच्याकडून काही हवं असतं.

आणखी एक गोष्ट, नवख्यांनी विशेष जपावी अशी. तुम्हाला एखादी गोष्ट छान जमते हे कळलं की ती सगळ्यांच्या हक्काची होते. "तुझं अक्षर चांगलं आहे, टिपणं तूच घे." "तू समजावतेस छान, नवीन मुलांना तूच बघ." यातलं बरंच काम कामाच्या हिशोबात धरलंच जात नाही, विशेषतः माणसं सांभाळण्याचं. नकार देण्याची गरज नाही, पण नोंद ठेवा. तारीख, काय केलं, किती वेळ गेला, कुणाला काय उपयोग झाला. वार्षिक मूल्यमापनात ही नोंद पुढे ठेवा आणि हे काम अधिकृतपणे तुमच्या जबाबदाऱ्यांत लिहून मागा. लिहून मिळालं नाही, तर पुढच्या वर्षी त्यासाठी किती वेळ द्यायचा ते तुम्ही ठरवा.

वाक्याखाली तारीख घाला आणि सहा महिन्यांनी ते परत लिहा, जुनं न खोडता, त्याच पानावर खाली. माझ्या पहिल्या वाक्यात "पत्र" हा शब्द होता. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा त्याच्या जागी "बैठक" आला, कारण तोपर्यंत लोक कागदाऐवजी मला बैठकीला घेऊन जायला लागले होते.